डावललेला हात

"उजवा हात खिशात घाला."

सरांनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, थट्टा करतायत. पुण्यातलं एक साधं सिमेंटचं कोर्ट, सकाळचे साडेसहा, टोपलीत साठेक जुने चेंडू. मी तिशीच्या उंबरठ्यावर टेनिस शिकायला आलेली. चार महिने झालेले, फोरहँड बरा, बॅकहँडचा मात्र आनंदीआनंद. दोन्ही हातांनी रॅकेट धरून मारते खरी, पण चेंडू एक तर नेटमध्ये जातो, नाहीतर हवेत मऊसूत उडून समोरच्याला आयता मिळतो.

सरांचं निदान एका वाक्यात संपलं. "सगळं तुमचा उजवा हात ओढतोय, डावा नुसता सोबतीला आलाय."

म्हणून महिनाभर रोज अर्धा तास फक्त डाव्या हातानं खेळायचं. दोन हातांच्या बॅकहँडमध्ये डावा हात मुठीच्या वरच्या भागात असतो, रॅकेट तिथेच धरायची. सर्व्हिस लाइनच्या आत उभं राहायचं. सर हातानं चेंडू टाकणार आणि मी डाव्या हातानं तो नेटपलीकडे घालवायचा. पहिले सात-आठ चेंडू कुठेही गेले. एक तर शेजारच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गेला. नववा मात्र नेटवरून सरळ निघाला आणि कोपऱ्यात पडला. दहावाही तसाच.

सर थांबले. "तुम्ही मुळात डावखुऱ्या आहात का?"

"नाही," मी म्हटलं. त्या 'नाही'कडे मी नंतर येते. त्याआधी बॅकहँड. कारण त्या महिन्यात, दंड ठणकत असल्यामुळे झोप लागायची नाही, आणि रात्री मोबाइलवर या फटक्याचा इतिहास शोधत बसायची सवय लागली.

टेनिस न खेळणाऱ्यांसाठी एवढंच: चेंडू ज्या बाजूला आला त्याच बाजूच्या हातात रॅकेट असेल तर तो फोरहँड. उलट बाजूला आला तर रॅकेटचा हात अंगावरून आडवा न्यावा लागतो, तो बॅकहँड. शंभरेक वर्षांपूर्वी रॅकेट लाकडाची असायची, पावणेचारशे-चारशे ग्रॅमची. ती एका हातानं फिरवायची हीच रीत होती. दुसऱ्या हाताचं काम फटका मारेपर्यंत रॅकेटच्या गळ्याला हलकासा आधार देणं आणि मग बाजूला होणं. दोन्ही हातांनी मारणं म्हणजे ताकद कमी असल्याची कबुली. शिवाय दोन हातांनी पोच कमी पडते, एक पाऊल जास्त टाकावं लागतं. हा आक्षेप खोटा नव्हता, आजही नाही.

ही रीत मोठ्या मैदानावर पहिल्यांदा मोडली ती ऑस्ट्रेलियाच्या व्हिव्हियन मॅकग्रानं. 1933 च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत या सोळा वर्षांच्या मुलानं एल्सवर्थ व्हाइन्सला हरवलं. व्हाइन्स तेव्हा विम्बल्डन आणि अमेरिकन, दोन्ही स्पर्धांचा विजेता होता. मॅकग्राचा बॅकहँड दोन हातांचा. चार वर्षांनी, 1937 मध्ये, सिडनीत त्यानं ऑस्ट्रेलियन विजेतेपद मिळवलं, पाच सेटमध्ये. अंतिम सामन्यात समोर होता जॉन ब्रॉमविच, म्हणजे अजबखानाच. मुळातला डावखुरा, सर्व्हिस मात्र उजव्या हातानं आणि बॅकहँड दोन्ही हातांनी. नेटच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन हात, 1937 साली! आपल्याला वाटेल की आता सगळे तसेच खेळायला लागले असतील. तसं काही झालं नाही. लोकांनी ते विक्षिप्तपणात जमा केलं आणि पुढची साडेतीन दशकं कोच एक हातच शिकवत राहिले.

त्या दशकांत उलट दिशेचं काम मात्र जोरात चालू होतं. केन रोझवॉल मुळातला डावखुरा, वडिलांनी त्याला उजव्या हातानं खेळायला शिकवलं. मॉरीन कॉनोली, एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकणारी पहिली स्त्री (1953), तीही मुळातली डावखुरी. मार्गारेट कोर्ट, एकेरीतल्या 24 मोठ्या विजेतेपदांची मालकीण, तीही. तिघंही जगाला उजव्या हाताचे खेळाडू म्हणून माहीत आहेत. रोझवॉलचा एका हाताचा बॅकहँड टेनिसमधल्या सर्वांत देखण्या फटक्यांत गणला जातो, त्यामुळे वडिलांनी चूक केली असं म्हणायची सोय नाही. तरी त्याच्या जुन्या चित्रफिती बघताना माझी नजर हटकून त्याच्या डाव्या हाताकडे जाते. फटका निघाला की तो हात मागे, हवेत, रिकामा असतो.

यातला सगळ्यांत चटका लावणारा प्रसंग खेळाडूचा नाहीच. 1926 साली इंग्लंडचा एक राजपुत्र, ड्यूक ऑफ यॉर्क, विम्बल्डनच्या पुरुष दुहेरीत उतरला. हाच पुढे राजा सहावा जॉर्ज झाला. जन्मानं डावखुरा. लहानपणी त्याला उजव्या हातानं लिहायला भाग पाडलं होतं, टेनिस तेवढं डाव्या हातानं राहिलं. लुई ग्रेग हा त्याचा जोडीदार आणि समोर आर्थर गोर व रोपर बॅरेट हे जुने जाणते. पहिल्याच फेरीत सरळ सेटमध्ये हार. आठवण अशी सांगतात की त्याचे फटके चुकायला लागले तेव्हा गर्दीतून कुणीतरी ओरडलं, महाराज, दुसरा हात वापरून बघा. लोक हसले असणार. ओरडणाऱ्याला काय माहीत, की दुसरा हात वापरून बघण्यातच या माणसाचं बालपण गेलं होतं.

मग आलं 1974. फ्रेंच स्पर्धा पुरुषांत ब्योर्न बोर्गनं जिंकली, स्त्रियांत ख्रिस एव्हर्टनं. महिन्याभरात विम्बल्डन जिंकलं जिमी कॉनर्सनं आणि पुन्हा एव्हर्टनं. (एव्हर्ट आणि कॉनर्सचं तेव्हा लग्नही ठरलं होतं, पुढे मोडलं.) तिघांचाही बॅकहँड दोन हातांचा. आणि तिघांपैकी कुणीही तो शास्त्र म्हणून निवडलेला नव्हता. एव्हर्टचे वडील फ्लोरिडातल्या सार्वजनिक कोर्टांवर कोच होते. लहानग्या ख्रिसला एका हातानं रॅकेट पेलवेना म्हणून तिनं दुसरा हात लावला. वडिलांना वाटलं, मोठी झाली की सोडेल. स्वीडनच्या बोर्गला पहिली रॅकेट मिळाली ती वडिलांनी टेबल टेनिसच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून जिंकलेली, मोठ्या माणसाच्या मापाची. तो बर्फावरची हॉकीही खेळायचा. त्याचा बॅकहँड बघा, हॉकीची काठी फिरवावी तसा आहे, फटका बसल्याबरोबर डावा हात सुटतो.

म्हणजे हा फटका जन्माला आला तो लहान मुलांच्या अशक्तपणातून. मोठ्यांनी 'सोड' म्हणायच्या आत तो जिंकायला लागला, म्हणून टिकला. 1976 नंतर मोठ्या डोक्याच्या हलक्या रॅकेट आल्या, मग ग्रॅफाइट आलं. टॉपस्पिन वाढला, चेंडू खांद्याच्या उंचीवर उसळू लागला आणि एका हाताच्या बॅकहँडची तिथे फे-फे उडू लागली. फेब्रुवारी 2024 मध्ये जागतिक क्रमवारीत पुरुषांच्या पहिल्या दहांत एका हातानं बॅकहँड मारणारा एकही खेळाडू उरला नाही. 1973 साली क्रमवारी सुरू झाल्यापासून हे पहिल्यांदाच घडलं. फेडररच्या भक्तांनी त्या आठवड्यात सुतक पाळलं. मीही थोडं पाळलं, खोटं कशाला बोलू.

पण नुसता दुसरा हात लावला म्हणजे झालं, असं नाही. माझं घोडं पेंड खात होतं ते इथेच. उजव्या हाताच्या खेळाडूचा दोन हातांचा बॅकहँड हा खरं तर डाव्या हाताचा फोरहँड असतो. मुठीच्या तळाशी असलेला उजवा हात दिशा सांभाळतो, चेंडू ढकलतो तो वरचा डावा. डावखुऱ्या कॉनर्सच्या बाबतीत हे उलटं, तिथे राबणारा हात उजवा. आता तळाचा उजवा हात वर्षानुवर्षांचा कर्ता पुरुष. सवयीनं तोच सगळं अंगावर घेतो, कोपर ओढतो, रॅकेटचं तोंड उघडतं आणि चेंडू उडतो. म्हणून त्याला खिशात घालायचं. एकट्या डाव्याला चेंडू शरीराच्या पुढे गाठावा लागतो, त्यासाठी डावा खांदा आणि कंबर वळवावी लागते, नाहीतर फटका बसतच नाही. इथे चूक लपत नाही, हा या सरावाचा खरा फायदा. दहा दिवसांनी सरांनी भिंतीवर चेंडू फेकायलाही सांगितलं, तेही डाव्या हातानंच. पहिल्या दिवशी माझा नेम बघून बाजूला बसलेला वॉचमन उठून लांब जाऊन बसला.

अशा सरावाचा एक जुना धागाही सापडला. 1894 साली अमेरिकेत येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केले. एकाच हाताला सराव दिला तर न सराव केलेला हातही सुधारतो, असं त्यांना दिसलं. शिकतो तो नुसता स्नायू नव्हे, मेंदूही शिकतो, आणि मेंदू दोन्ही हातांचा एकच.

नदालचं उदाहरण सगळेच देतात, पण अर्धवट. तो लिहितो उजव्या हातानं, गोल्फ उजव्या हातानं खेळतो, टेनिस मात्र डाव्या हातानं. टोनीकाकांनी त्याला जबरदस्तीनं डावखुरा केलं, ही गोष्ट त्यानं आत्मचरित्रात खोडून काढली आहे. लहानपणी तो दोन्ही बाजूंनी दोन्ही हात वापरायचा, फोरहँडसाठी एक हात सोडायची वेळ आली तेव्हा डावा राहिला, इतकंच. परिणाम असा, की त्याच्या बॅकहँडला बळ देणारा वरचा हात त्याचा जन्मजात उजवा होता. त्या फटक्यात डावललेला कुणीच नव्हता.

'डावलणे' या शब्दाशी मी त्या रात्री बराच वेळ थांबले. डावीकडे टाकून पुढे जाणं, तो मूळ अर्थ. आणि 'उजवा' आला 'ऋजु'वरून, म्हणजे सरळ. दोन वस्तूंची तुलना करतानाही आपण डावं-उजवं करतो, आणि त्यात सरस कोण हे विचारावं लागत नाही. अर्जुन सव्यसाची, सव्य म्हणजे डावा. विराटपर्वात तो उत्तराला आपल्या नावांचे अर्थ सांगतो तेव्हा म्हणतो की गांडीव ओढताना माझे दोन्ही हात उजवेच आहेत. मला हसू आलं. डाव्या हाताची एवढी मोठी तारीफ, तीही त्याला उजवा म्हणून.

सरांच्या प्रश्नानंतर आठवड्यानं मी आईला फोन केला. सहज विचारतेय असं दाखवत विचारलं.

"अगं, होतीसच तू डावरी," आई म्हणाली. जणू लहानपणी केस कुरळे होते, असं काहीतरी सांगावं तसं. "दोन-अडीच वर्षांची असताना सगळं डाव्यानं करायचीस. आजीनं सोडवलं. जेवायला बसलीस की डाव्या हाताला फडकं बांधायची. म्हणायची, उद्या सासरी डाव्या हातानं वाढलंस तर आमचं नाव निघेल."

"मी रडायचे?"

"नाही गं. लवकर शिकलीस तू."

आजी जाऊन सहा वर्षं झाली. लाटणं धरायला तिनंच शिकवलं, माझ्या उजव्या हातावर तिचा उजवा हात ठेवून. मला राग आला, आणि तो तिच्यापर्यंत पोचेना. ते फडकं मला आठवत नाही. कोणत्या रंगाचं होतं, गाठ घट्ट असायची की सैल, काहीच नाही. याचंच जास्त वाईट वाटलं. मग मी लक्ष ठेवायला लागले, तर बरणीचं झाकण मी डाव्या हातानं उघडते. पत्ते डाव्या हातानं वाटते. पत्ते वाटताना कुणी शकुन-अपशकुन बघत नाही, म्हणून ते सुटलं असावं.

सरांना हे सांगितलं तर ते फारसे हलले नाहीत. त्यांच्या मते नववा चेंडू नशिबाचा होता, दहावाही असू शकतो. अस्सल उजव्या हाताच्या माणसांनाही पंधरा दिवसांत हे जमू लागतं, असं ते म्हणतात. खरंही असेल. तीस वर्षं न वापरलेला हात हा न वापरलेलाच हात, जन्माचा दाखला बघून चेंडू नेटवरून जात नाही.

महिना संपून आठवडा झाला. दहातले सहा चेंडू पलीकडे जातात, त्यातले तीन जिथे हवेत तिथे. काल सरांनी उजवा हात खिशातून काढायची परवानगी दिली. मुठीच्या तळाशी फक्त दोन बोटं टेकवायची, अंगठा आणि तर्जनी. बाकीची तीन उघडी ठेवायची, आवळलेली दिसली की कोर्टाला एक फेरी. काल मी अकरा फेऱ्या मारल्या.