संदर्भ हवा

५ ते ७ ऑगस्ट २०१६ या तीन दिवसांत चंदीगडलगत लांडरां इथे विकिपीडियाच्या भारतीय संपादकांचे संमेलन भरले होते. मी अनुवादक, कुतूहलापोटी गेले आणि मराठी विकिपीडियाची नवशिकी संपादक होऊन घरी परतले. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या ज्ञानकोशात पहिले वाक्य कशावर लिहायचे, हा प्रश्न मला पडला नाही. पंजाबात राहणाऱ्या मराठी बाईला नामदेवांशिवाय दुसरे कोण सुचणार? मी लिहिले : नामदेवांनी १३५० मध्ये पंढरपूरला समाधी घेतली.

दुसऱ्या दिवशी वाक्याच्या शेवटी, चौकटी कंसात, दोन शब्द आले होते : संदर्भ हवा.

मला राग आला. महाद्वारातली नामदेव पायरी लहानपणापासून पाहिलेली. तिला पाय लागू नये म्हणून आजी हात धरून पलीकडे न्यायची. याला कसला संदर्भ? तरी मी महिपतींच्या ‘भक्तविजया’चे नाव टाकले. एका जुन्या संपादकाने शांतपणे विचारले, कोणता अध्याय, कोणती ओवी? ग्रंथाचे ५७ अध्याय. मी त्यातला एकही उघडला नव्हता. आजीच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींना मी ग्रंथाचे नाव चिकटवले होते. तुलनात्मक साहित्याची एम.ए. असून!

मग पोथी मागवली. आरंभीच्याच भागात थबकले. महिपती श्रोत्यांना सांगतात की हे मी मनाने रचलेले नाही. नाभाजींनी आणि उद्धवचिद्घनांनी संतचरित्रे लिहिली, त्यांच्या आधारावर मी लिहितो. म्हणजे महिपतींनी आपला आधार सांगितला होता आणि मी, त्यांचे नाव पुढे करणारी, माझा लपवत होते.

तरीही अडचण उरलीच. ‘भक्तविजय’ १७६२ चा. नामदेवांच्या परंपरेने मानलेल्या निधनानंतर चारशेहून अधिक वर्षांनी लिहिलेला. लोक नामदेवांना कसे आठवत होते, याचा तो उत्तम पुरावा, तिथीचा नव्हे. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा याच मुद्द्यावर बखरींना धारेवर धरले होते. मागाहून लिहिलेली हकीकत आणि त्या काळचे पत्र यांचे वजन सारखे नसते. हे परीक्षेत मी लिहिले होते. स्वतःच्या वाक्याला लावले नव्हते.

खरा धक्का मात्र शेजारून बसला. आमच्या मजल्यावरच्या आंटीजींना मी हा सगळा घोळ सांगितला. त्या म्हणाल्या, “पंढरपूर? बाबाजी तर घुमानलाच राहिले. तिथेच त्यांनी देह ठेवला.” घुमान गुरदासपूर जिल्ह्यात, बटाल्याकडे. २०१५ मध्ये अठ्ठ्याऐंशीवे मराठी साहित्य संमेलन तिथे झाले होते. आपण पाहुणे म्हणून गेलो, अशीच माझी समजूत होती. आंटीजींच्या लेखी ते घर होते. वारकरी आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवांची पुण्यतिथी करतात. घुमानची जत्रा देशी माघाच्या दुसऱ्या दिवशी भरते.

आंटीजींनी गुटका काढला नाही, पुस्तक शोधले नाही. म्हणाल्या, “आसा रागातली त्यांची बाणी अंग ४८५ वर बघ.” गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. छापील प्रतीची १४३० अंगे सगळीकडे सारखी, त्यामुळे कुठल्याही गावातला माणूस तोच शब्द उघडून पाहू शकतो. शिवाय रचनेच्या माथ्यावर राग आणि रचनाकार दिलेला असतो. आदिग्रंथाचे संकलन १६०४ चे. संदर्भाची शिस्त परदेशी संकेतस्थळाने आपल्यावर लादली, ही माझी कुरकुर त्या दिवशी संपली.

मी वाक्य मोडून पुन्हा लिहिले. वारकरी परंपरेनुसार पंढरपूर, पंजाबातल्या परंपरेनुसार घुमान. आणि दोन्हींपुढे स्वतः उघडून पाहिलेल्या पुस्तकांचे पृष्ठांक. त्यासाठी पंजाब विद्यापीठाच्या ग्रंथालयात तीन दुपारी गेल्या.

एक गोष्ट मात्र आत घालता आली नाही. आंटीजींची आजी त्यांना बैलगाडीतून त्या जत्रेला न्यायची. माझ्या आजीने मला पायरी ओलांडायला शिकवले. या दोघींना पृष्ठांक नाही. नियम बरोबर आहे हे मला पटते, आणि तरी ते वाक्य वाचताना दोघी बाहेर उभ्या दिसतात. म्हणून त्यांना इथे, माझ्या नावाखाली, लिहून ठेवते आहे.