माहीमचा उपसागर : भूरचना, मानवी हस्तक्षेप आणि पाण्याची प्रत

मुंबईच्या जलप्रदूषणाची चर्चा बहुधा २६ जुलै २००५ च्या महापुरापासून सुरू होते. त्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला आणि मिठी हा नाला नसून नदी आहे, याची अनेक मुंबईकरांना प्रथमच जाणीव झाली. तथापि ही नदी ज्या माहीमच्या उपसागरास मिळते, त्याच्या पाण्याची अवनती समजून घेण्यासाठी किमान दोनशे वर्षे मागे जावे लागते.

उत्तरेस वांद्र्याचे आणि दक्षिणेस वरळीचे भूशिर, यांच्या कवेतला हा उपसागर उथळ असून पश्चिमेकडे खुला आहे. ओहोटीस त्याच्या काठचे चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात. पूर्वेस आत शिरणारी माहीमची खाडी पूर्वी मुंबई व साष्टी ही बेटे विलग करीत शीव-कुर्ल्याच्या खाजणांपर्यंत पसरलेली होती. अशा जलक्षेत्राची स्वच्छता भरती-ओहोटीवर अवलंबून असते. भरतीचे जेवढे पाणी खाजणांत साठते, तेवढेच ओहोटीस घाण व गाळ घेऊन परतते. म्हणून खाजण आक्रसले की प्रवाहाचा जोरही ओसरतो.

हे आक्रसणे लोकोपयोगी कामांतूनच घडले, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी, शीवचा बांधरस्ता पूर्ण झाला. पश्चिमेस माहीम-वांद्रे प्रवास होडीनेच होई व तो धोक्याचा होता. १८४१ मध्ये खाडीत होड्या उलटून झालेल्या दुर्घटनेनंतर लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी सुमारे १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा बांधरस्ता खुला झाला. त्यावर पथकर घेऊ नये, अशी त्यांची अट होती. या दातृत्वाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु खाडीचे मुख पुलाच्या कमानींपुरते उरले, हेही तितकेच खरे.

पुढे शहराच्या तहानेने नदीचे गोडे पाणी अडविले. मिठीच्या उगमक्षेत्रात १८६० मध्ये विहार व १८९१ मध्ये पवई तलाव बांधून झाला. परिणामी पावसाळ्याबाहेर नदीत नैसर्गिक प्रवाह नाममात्रच उरला. ती पोकळी सांडपाण्याने भरून काढली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धारावीत चामड्याचा व्यवसाय स्थिरावला. नंतर कुर्ला-साकीनाक्याकडील कारखान्यांची भर पडली. विमानतळाच्या विस्तारात नदीला काटकोनी वळणे मिळाली. १९७७ पासून नियोजित झालेले वांद्रे-कुर्ला संकुल तर थेट खाजणावरच उभे राहिले. वांद्र्याच्या किनाऱ्यावरही भराव पडला. २००९ मध्ये खुल्या झालेल्या सागरी सेतूकडेच सामान्यतः बोट दाखविले जाते. पण तोवर उपसागराची निम्मीअधिक कहाणी घडून गेली होती.

स्नानयोग्य सागरी पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ४ मि.ग्रॅ. आणि जैवरासायनिक प्राणवायूची मागणी कमाल ३ मि.ग्रॅ. असा आहे. खाडीचे पाणी या कसोटीस उतरत नाही. येथे नमुना घेण्याची वेळ निर्णायक ठरते : भरतीस समुद्राच्या पाण्याने आकडे सुधारतात, ओहोटीस खाडी आपले खरे रूप दाखविते. केवळ भरतीच्या नमुन्यांवरून काढलेले निष्कर्ष म्हणूनच फसवे ठरतात. धारावी कोळीवाड्यातील वृद्धांना मात्र अशा कोष्टकांची गरज भासली नसावी. त्यांच्या डोळ्यांदेखत खाडीतील मासेमारी संपली.

वांद्रे येथून खोल समुद्रात सांडपाणी सोडणारी वाहिनी कार्यान्वित झाल्याने किनाऱ्यालगतचा काही भार हलका झाला. परंतु मलवाहिन्यांशी न जोडलेल्या वस्त्यांचे पाणी नाल्यांवाटे मिठीतच येत राहिले. जानेवारी २०२३ मध्ये ज्या सात सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची पायाभरणी झाली, त्यांत वांद्रे व धारावी यांचा समावेश आहे. ही केंद्रे येणारी घाण कमी करू शकतील. भरावाखाली गेलेले खाजण आणि त्याबरोबर गेलेला ओहोटीचा जोर त्यांच्या कक्षेबाहेरचा आहे.