प्रकाशतंतू वायुसंवेदक

हवेतील विषारी वा ज्वालाग्राही वायूंचे अस्तित्व व प्रमाण काचेच्या सूक्ष्म तंतूतून जाणाऱ्या प्रकाशातील बदलावरून ओळखणारे साधन. संवेदनस्थळी विद्युत् प्रवाह न्यावा लागत नसल्याने तेथे ठिणगीचा धोका नसतो, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

वायुपरीक्षेचे जुने साधन म्हणजे ज्योत. वऱ्हाडातील अमरावती व अकोला जिल्ह्यांत, तसेच अन्यत्रही, जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता कंदील दोराने खाली सोडण्याची रीत आहे. तो विझल्यास तळाशी हवेपेक्षा जड असा कार्बन डाय-ऑक्साइड साचून ऑक्सिजन कमी झाल्याचे समजते. तथापि ज्योत तेवत राहिली म्हणजे हवा निर्धोक आहे, असे नव्हे. पाणी उपसणाऱ्या तेल-इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक प्रमाणात असूनही ज्योत विझत नाही. उलट मिथेनाचे हवेतील प्रमाण सु. ५ ते १५ टक्के असल्यास ज्योतीनेच स्फोट होतो. खाणींतील असे स्फोट टाळण्यासाठी हंफ्री डेव्ही यांनी १८१५ मध्ये ज्योतीभोवती तारेची जाळी बसविली.

तापविलेल्या झिंक ऑक्साइडाच्या पटलाची विद्युत् संवाहकता वायूच्या संपर्काने बदलते, असे जपानमधील सेइयामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये दाखविले. या परंपरेतील संशोधन अमरावती येथील शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्थेत (स्थापना १९२३) झाले असून त्यात टिन ऑक्साइड व पॉलिॲनिलीन या पदार्थांचा कार्बन डाय-ऑक्साइडाच्या संवेदनासाठी अभ्यास करण्यात आला.

शुद्ध काचेच्या तंतूतून प्रकाश दूरवर नेता येईल, असे काओ व हॉकम यांनी १९६६ मध्ये प्रतिपादिले. पुढे १९८० नंतरच्या दशकात तोहोकू विद्यापीठातील इनाबा व त्यांच्या सहकाऱ्यांनी लांब तंतूला जोडलेल्या कोठीतील मिथेन दुरून ओळखून दाखविला. मिथेन सु. १·६५ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतो. परतलेल्या प्रकाशाची तीव्रता किती घटली, यावरून त्याचे प्रमाण काढतात. दुसऱ्या प्रकारात तंतूचे बाह्य आवरण काही भागापुरते काढून तेथे संवेदी लेप देतात. पॉलिॲनिलिनाचा हिरवा रंग अमोनियाने निळा होतो व तंतूतील प्रकाशाचे शोषण बदलते. अशा रीतीने विद्युत् संवेदकासाठी अभ्यासलेला पदार्थ प्रकाशीय संवेदकासही उपयोगी पडतो.

लेसर प्रकाशस्रोताची किंमत आणि आर्द्रतेचा लेपावरील परिणाम या प्रमुख अडचणी होत. त्या दूर झाल्यास माणूस खाली उतरण्यापूर्वी तळाची हवा काठावरूनच तपासणे शेतकऱ्याच्या विहिरीवरही शक्य होईल.