नाना फडनवीस यांचे चरित्र (ग्रंथ)

'नाना फडनवीस यांचे चरित्र' हा इतिहाससंशोधक वासुदेव वामनशास्त्री खरे (१८५८–१९२४) यांनी लिहिलेला चरित्रग्रंथ होय. तो इ.स. १८९२ मध्ये प्रसिद्ध झाला. पेशवाईच्या उत्तरार्धातील सर्वांत प्रभावी मुत्सद्दी बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडनवीस (१७४२–१८००) हा त्याचा विषय आहे. वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये आला आणि गो. स. सरदेसाई यांच्या रियासतींनाही त्याच वर्षी प्रारंभ झाला. खरे यांचा ग्रंथ या दोहोंच्याही आधीचा आहे, आणि त्याचे मोल ठरवताना हा कालक्रम ध्यानात ठेवावा लागतो.

आज 'फडणवीस' असे लिहिण्याचा प्रघात असला तरी जुन्या छापील ग्रंथांत 'फडनवीस' हे रूप आढळते. प्रस्तुत लेखात तेच ठेवले आहे.

लेखक

खरे यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर येथे झाला. नानांचे भानू घराणेही त्याच जिल्ह्यातील वेळासचे. घरच्या गरिबीमुळे खरे यांना इंग्रजी पद्धतीचे पदवीशिक्षण मिळाले नाही. त्यांचे अध्ययन संस्कृतचे, जुन्या वळणाचे होते. आयुष्यातील बहुतेक काळ त्यांनी मिरज येथील हायस्कुलात संस्कृतचे शिक्षक म्हणून काढला. 'यशवंतराव' हे महाकाव्य आणि 'गुणोत्कर्ष', 'शिवसंभव' आदी नाटके त्यांच्या नावावर आहेत. तथापि त्यांची कीर्ती टिकली ती 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'मुळे. पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतील पत्रे निवडून, मोडीतून बाळबोधीत उतरवून त्यांनी ती १८९७ पासून क्रमाने छापली. त्यांच्या हयातीत या संग्रहाचे बारा भाग निघाले. प्रत्येक भागाच्या आरंभी त्या त्या काळाचा कथाभाग ते सांगत. शाळेची नोकरी सांभाळून एका माणसाने केलेले हे काम एखाद्या संस्थेला शोभावे इतके मोठे आहे.

चरित्राचा विषय

नाना अठरा वर्षांचे असताना सदाशिवरावभाऊंच्या फौजेबरोबर उत्तरेत गेले. पानिपतावरून ते जिवानिशी परतले. मातोश्रींची मात्र ताटातूट झाली ती कायमची. या काळाविषयीचे त्यांचे छोटे आत्मवृत्त उपलब्ध आहे. त्यात तारुण्यातील स्वतःच्या दुर्बलतांची जी मोकळी कबुली आहे, तशी पुढे त्यांच्या राजकीय पत्रव्यवहारात कोठेही सापडत नाही.

३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा वध झाला. त्यानंतर राघोबादादांविरुद्ध उभ्या राहिलेल्या बारभाईंच्या मंडळात सखारामबापू बोकील यांच्याबरोबर नाना अग्रभागी आले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला. पुढे वीस वर्षांहून अधिक काळ या अल्पवयीन धन्याच्या नावाने राज्याचा कारभार नानांनी चालवला. मार्च १७९५ मध्ये खर्ड्यावर निजामाचा पराभव झाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवरावांचा मृत्यू झाला. ज्या खांबावर नानांची सत्ता तोलली होती तोच निखळला. १७९७ च्या अखेरीस शिंद्यांच्या नोकरीतील मायकेल फिलोज या सरदाराने त्यांना दग्याने पकडले. अहमदनगरच्या किल्ल्यातून सुटका झाल्यावर ते पुन्हा कारभारात आले आणि १३ मार्च १८०० रोजी पुण्यात निवर्तले.

साधने

चरित्र लिहिले गेले तेव्हा अभ्यासकापुढे असलेली सामग्री तुटपुंजी होती. ग्रँट डफचा इतिहास (१८२६) होता, मॅकडोनल्डने इंग्रजीत लिहिलेले नानांचे चरित्र (१८५१) होते, काही बखरी होत्या आणि 'काव्येतिहाससंग्रहा'ने छापलेली थोडी पत्रे होती. पुण्याचे पेशवे दप्तर सरकारच्या कुलपात होते. त्यातील निवडक कागद सरदेसाई यांच्या संपादनाखाली पंचेचाळीस खंडांत बाहेर पडले ते १९३० नंतर. वाईजवळच्या मेणवली येथे नानांचा खासगी पत्रव्यवहार पडून होता. तो पुढे द. ब. पारसनीस यांच्या हाती आला.

म्हणजे चरित्र आधी आणि कागद मागाहून, असा हा उलटा क्रम आहे. ज्याने चरित्र लिहिले त्यानेच उरलेले आयुष्य मूळ कागद उजेडात आणण्यासाठी वेचले, ही गोष्ट मराठी इतिहासलेखनात विरळा म्हणावी लागेल. १८९२ चा ग्रंथ आणि 'लेखसंग्रहा'च्या प्रस्तावना एकत्र वाचाव्यात. नुसत्या पहिल्यावरून खरे यांची योग्यता ठरवणे अन्यायाचे होईल.

समकालीन युरोपातील एक उदाहरण येथे उद्बोधक आहे. जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क मार्च १८९० मध्ये पदच्युत झाला. त्याची सत्ताही एका वृद्ध सम्राटाच्या विश्वासावर उभी होती आणि तो सम्राट गेल्यावर दोन वर्षांत ती कोसळली. त्याचे समग्र लेखन १९२४ ते १९३५ या काळात छापले गेले, आणि एरिख आइक याने लिहिलेले त्याचे चिकित्सक चरित्र त्यानंतर, १९४१ ते १९४४ दरम्यान, तीन खंडांत निघाले. तेथे कागद पुढे आणि चरित्र मागे असा क्रम लाभला. नानांच्या पहिल्या मराठी चरित्रकारांना ही सोय नव्हती.

पटवर्धनांच्या पत्रांचे एक वैशिष्ट्य सांगितले पाहिजे. हे घराणे बारभाईंच्या पक्षाचे, नानांच्या भरवशाचे. परंतु १७९६ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी चिमाजीअप्पांना गादीवर बसवण्याच्या राजकारणात पुढाकार घेतला आणि नानांना महाडकडे निघून जावे लागले. त्यामुळे या दप्तरातले नाना मित्राच्या नजरेने दिसतात तसेच दुरावलेल्या माणसाच्या नजरेनेही दिसतात. चरित्रकाराला याहून चांगला साक्षीदार मिळणे कठीण.

साष्टी, ठाणे व कल्याण

नानांच्या कोणत्याही चरित्राची परीक्षा ज्या प्रकरणावर होते ते साष्टीचे. मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून १७३७ मध्ये घेतला होता. बारभाई आणि राघोबादादा यांच्यातील कलहाचा लाभ उठवून इंग्रजांनी २८ डिसेंबर १७७४ रोजी तो हल्ला करून घेतला. या मोहिमेत त्यांचा आरमारी अधिकारी वॉटसन मारला गेला. दुसऱ्या वर्षी सुरतेच्या तहाने राघोबांनी साष्टी व वसई इंग्रजांना लिहून दिली. १ मार्च १७७६ च्या पुरंदरच्या तहातही साष्टी त्यांच्याकडेच राहिली. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे इंग्रज फौज कोंडली गेली, तेव्हा झालेल्या करारात घेतलेला सर्व मुलूख परत करण्याचे कलम होते. ठाणे अशा रीतीने कागदावर परत मिळाले; प्रत्यक्षात मिळाले नाही, कारण कंपनी सरकारने तो करारच अमान्य केला.

पुढील वर्षी युद्ध कल्याण प्रांतात आले. मे १७८० मध्ये इंग्रजांनी कल्याण घेतले. ते सोडवण्यासाठी मराठी फौज चालून आली, पण हार्टलेच्या कुमकेमुळे इंग्रजांचे ठाणे वाचले. डिसेंबरात वसई पडली आणि वज्रेश्वरीजवळ दुगाड येथील लढाईत रामचंद्र गणेश कानडे कामी आले. १७८१ च्या आरंभी जनरल गॉडर्ड बोरघाटापर्यंत गेला. तेथे हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजी होळकर यांनी त्याला इतके सतावले की त्याला मोठ्या नुकसानीनिशी कोकणात माघार घ्यावी लागली.

१७ मे १७८२ रोजी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह ठरला. वसई आणि कल्याण मराठ्यांना परत मिळाले, साष्टी मात्र इंग्रजांकडे राहिली. नानांनी या तहावर शिक्कामोर्तब करण्यास डिसेंबरापर्यंत विलंब लावला. हैदर अलीशी केलेली मैत्री त्यांना इतक्यात सोडायची नव्हती. ७ डिसेंबरला हैदर वारला आणि त्याच महिन्यात नानांनी तह मान्य केला. हा विलंब दूरदृष्टीचा की हट्टाचा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. नाना थोर की महादजी, हा मराठीतला जुना वादही पुष्कळसा याच तहाभोवती फिरतो. साष्टी गेल्याचा सगळा दोष एकट्या नानांच्या माथी मारणे मात्र युक्त नव्हे. १७७४ साली बारभाईंचे आसनच स्थिर झाले नव्हते.

या तहाने पडलेली सीमा पस्तीस वर्षे टिकली. ठाणे कंपनीचे, खाडीपलीकडचे कल्याण पेशव्यांचे. ती १८१७ च्या पुणे तहाने पुसली गेली. आज लोकल गाडीने अर्ध्या तासात ओलांडला जाणारा हा पट्टा नानांच्या हयातीत दोन राज्यांचा सरहद्दीचा मुलूख होता. ठाण्याच्या त्या किल्ल्यात सध्या मध्यवर्ती कारागृह आहे.

प्रभाव

चरित्र प्रसिद्ध झाले तो काळ वाचनसंस्थांच्या वाढीचा होता. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून चालू होते, वि. ल. भावे यांनी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापले ते १८९३ मध्ये, म्हणजे या ग्रंथाच्या दुसऱ्याच वर्षी. मराठ्यांचा इतिहास मराठी माणसाने मराठी कागदांवरून लिहावा, हा आग्रह नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी ग्रँट डफवर केलेल्या टीकेपासून चालत आला होता. खरे यांचे सर्व लेखन त्या आग्रहाच्या परंपरेत बसते.

पुढील संशोधकांनी विषयाची व्याप्ती वाढवली. पुणे येथील इंग्रज रेसिडेंटांचा पत्रव्यवहार जदुनाथ सरकार व सरदेसाई यांच्या देखरेखीखाली छापला गेला आणि त्यातून मॅलेट, पामर आदी वकिलांच्या नजरेतले नाना समोर आले. य. न. देवधर यांनी नानांच्या परराष्ट्रकारणावर १९६२ मध्ये स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ लिहिला.

सामान्य वाचकाच्या मनातील नाना मात्र यांपैकी कोणत्याच ग्रंथातून आलेले नाहीत. १७९१ मध्ये पुण्याचा कोतवाल घाशीराम याच्या कोठडीत ब्राह्मण गुदमरून मेले आणि जमावाने कोतवालाला ठार केले. या घटनेवर मोरोबा कान्होबा यांनी १८६३ मध्येच पुस्तक लिहिले होते. विजय तेंडुलकर यांच्या 'घाशीराम कोतवाल' (१९७२) या नाटकाने तीच घटना रंगभूमीवर आणली, आणि नानांच्या चित्रणावरून मोठा वाद झाला. नाटक हा इतिहास नव्हे, असे तेंडुलकरांचे म्हणणे होते. ते मान्य केले, तरी नाटक पाहिलेल्यांच्या मानाने खरे यांचे चरित्र वाचलेले वाचक फारच थोडे आहेत. वादाच्या दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांपैकी अनेकांना 'लेखसंग्रहा'तील पत्रांची ओळखही नसते.