उमेदवारी : एका शब्दाचा आणि एका प्रथेचा इतिहास

'उमेदवार' हा शब्द आपण आज निवडणुकीच्या संदर्भात किंवा नोकरीच्या अर्जासंबंधी वापरतो. शब्द मूळचा फारसी; 'उमेद' म्हणजे आशा, आणि ती धरून असणारा तो उमेदवार. पण 'त्याने अमक्या छापखान्यात दोन वर्षे उमेदवारी केली' असे जेव्हा मराठी माणूस म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात अर्ज नसतो, काम असते. उमेदवारी 'दाखल' करणे वेगळे आणि उमेदवारी 'करणे' वेगळे. दुसऱ्या प्रयोगात आशेच्या जोडीला श्रम आहेत आणि त्या श्रमांना बहुधा मोबदला नाही. नोकरी मिळण्यापूर्वी नोकरीचे काम फुकट करावे लागणे ही स्थिती इतकी परिचयाची होती, की तिच्यासाठी आपल्या भाषेने एक सबंध शब्द राखून ठेवला. पगाराचे बोलणे पुढे ढकलून आधी 'काम करून दाखवा' असे म्हणणारा आजचा मालक नवे काही करीत नाही. त्याची परंपरा जुनी आहे, आणि तिचा एक धागा आपल्या पूर्वजांच्या दौतीपर्यंत पोहोचतो.

बंगळूरला नोकरीनिमित्त आलेल्या मराठी माणसास कचेरीचा इतिहास परका वाटू नये. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. १६८७ मध्ये ते मोगलांच्या हाती गेले आणि त्यांच्याकडून तीन लाख रुपयांस म्हैसूरच्या चिक्क देवराजांनी घेतले. याच राजाने आपल्या कारभाराची अठरा खात्यांत विभागणी केली, असे म्हैसूरचा इतिहास सांगतो. शिवकालीन व्यवस्थेतील अठरा कारखाने व बारा महाल ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. पुढे इंग्रज कमिशनच्या काळात टिपूच्या राजवाड्यातील दफ्तरे १८६८ मध्ये नव्या तांबड्या इमारतीत गेली, तिलाही लोक 'अठरा कचेरी' म्हणू लागले. विधानसौधासमोर ती आजही उभी आहे आणि तीत कर्नाटकाचे उच्च न्यायालय भरते. हैदर व टिपू यांच्या अमदानीत म्हैसूरचा जमाखर्च कानडी व फारसी यांच्या जोडीने मराठीतही ठेवला जाई. तंजावरपासून कृष्णेच्या तीरापर्यंत हिशेबाच्या दफ्तरातून मराठीचा वावर होता, आणि दफ्तर म्हटले की त्याच्या दाराशी उमेदवार आलाच.

हा उमेदवार बहुधा विशीच्या आतला असे. मोडीचे वळण बसलेले, बेरीज-वजाबाकी तोंडी, आणि कचेरीत कोणी तरी मामा, मावसा किंवा गाववाला. त्याने कारकुनांच्या मागे बसावे, नकला कराव्यात, ताळेबंदाचे आकडे पडताळावेत, रुमाल सोडावेत आणि बांधावेत. हजेरीपटावर त्याचे नाव नसे. कोणी कारकून रजेवर गेला, आजारी पडला किंवा वारला, तर त्याच्या जागी बसण्याचा हक्क नव्हे, पण संभव त्यास प्राप्त होई. हा संभव सहा महिन्यांत फळास येई, कधी सहा वर्षांतही येत नसे. दक्षिणेतील इंग्रजी कागदपत्रांत अशा माणसांस 'व्हॉलंटियर', म्हणजे स्वयंसेवक, असेही म्हटलेले आढळते. या स्वयंसेवेत 'स्वयं' किती होते हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही.

या पद्धतीच्या बाजूने बोलण्यासारखे नाही असे नाही. परीक्षा नव्हत्या, पदव्या नव्हत्या, महसुलाचे काम शिकविणारी शाळा तर नव्हतीच. कचेरी हीच शाळा होती. जमाबंदीचा ताळेबंद हाताखालून गेल्यावाचून कळत नाही, आणि चांगल्या शिरस्तेदाराजवळ चार वर्षे बसलेला मुलगा ज्या बारकाव्याने गावचा हिशेब वाचे, त्या बारकाव्याची सर पुस्तकी विद्येस आली नसती. उमेदवारीने कित्येक उत्तम कारभारी घडविले. शिकणाऱ्याने शिकविणाऱ्याची काही सेवा करावी हा भाव आपल्या समाजात खोल रुजलेला असल्याने या व्यवहारात कोणास अन्यायही दिसला नसावा.

परंतु शिक्षण आणि काम यांची सरमिसळ झाली, की हिशेब कोणाच्या नावे मांडायचा हे कळेनासे होते. उमेदवाराने केलेली नक्कल सरकारदप्तरी जाई. ती शिकण्यासाठी गिरवलेली पाटी नव्हती. सरकारास काम मिळाले, पैसा मात्र द्यावा लागला नाही. मग तो कोणी दिला? उमेदवारास जेवावे तर लागतच होते. जोवर घरची शेती किंवा मामाचे घर होते तोवर त्यांनी दिला. ते आटले, की रयतेने दिला. अर्ज पुढे सरकविण्याचे चार आणे, नक्कल लवकर देण्याचे आठ आणे, ही कचेरीच्या पायरीवरची दस्तुरी बिनपगारी आणि अल्पपगारी माणसांच्या पोटातून जन्मास आली. महसूलवसुलीच्या कामी होणाऱ्या छळाची चौकशी करणाऱ्या मद्रास इलाख्यातील आयोगाचा अहवाल १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. कनिष्ठ नोकरांची तुटपुंजी प्राप्ती आणि त्यांची लाचलुचपत यांचा संबंध त्या काळच्या कारभाऱ्यांसही दिसत होता. राज्याने जे वेतन वाचविले ते शेतकऱ्याच्या कनवटीतून वसूल झाले.

दुसरा परिणाम याहून दूरगामी होता, आणि तो मांडताना आपण मराठी मंडळींनी थोडे स्वतःकडे पाहिले पाहिजे. वर्षानुवर्षे फुकट काम कोण करू शकतो? ज्याच्या घरी खायला आहे आणि ज्याचा कोणी कचेरीत आहे तो. म्हणून उमेदवारांची निवड गुणांवर होण्याआधीच घराण्यावर होऊन जाई. मद्रास इलाख्यातील अनेक जिल्ह्यांत मराठी बोलणाऱ्या देशस्थ घराण्यांनी शिरस्तेदारी व तिच्या खालच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या राखल्या, त्यांत त्यांची बुद्धी व चिकाटी होतीच. पण बिनपगारी उमेदवारीचे कुंपणही होते. १८५४ मध्ये तेथील महसूल मंडळास असा स्थायी हुकूम काढावा लागला, की दुय्यम जागा मूठभर वजनदार कुटुंबांच्या मक्त्यात जाणार नाहीत याची जिल्हाधिकाऱ्यांनी दक्षता घ्यावी आणि त्या निरनिराळ्या जातींत वाटाव्यात. हा हुकूम वाचताना अभिमान आणि संकोच या दोन्ही भावना मनात येतात. आपल्या माणसांची कर्तबगारी खरी होती. तितकीच कर्तबगारी असलेला जो कुणब्याचा वा विणकऱ्याचा मुलगा दोन वर्षे पगारावाचून बसू शकला नाही, त्याचे नाव मात्र कोणत्याच दफ्तरात नाही.

ही कोंडी फोडली ती परीक्षेने. १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्याने सरकारी नोकरीत शिकलेल्यांस अग्रक्रम देण्याचे धोरण सांगितले, आणि पुढील दशकांत इलाख्या-इलाख्यांतून नोकरीच्या परीक्षा सुरू झाल्या. म्हैसूर संस्थानात दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या काळी, १८९१ मध्ये, म्हैसूर सिव्हिल सर्व्हिसची स्पर्धापरीक्षा सुरू झाली. कानडीचे थोर कथाकार मास्ती वेंकटेश अय्यंगार १९१४ मध्ये याच सेवेत दाखल झाले. परीक्षेनेही सर्वांना सारखी संधी दिली असे नाही. शाळाच ज्यांच्या वाट्यास आली नव्हती त्यांचा प्रश्न उरलाच, आणि त्यासाठी म्हैसूरला १९१८ मध्ये मिलर समिती नेमावी लागली. तरीही परीक्षेत आणि उमेदवारीत एक मूलभूत भेद आहे. परीक्षार्थीही तास खर्च करतो, मेहनत करतो आणि त्याबद्दल त्यास कोणी पैसे देत नाही. पण त्याच्या उत्तरपत्रिकेवर कोणाचा कारभार चालत नाही. ती तपासून झाली की रद्दी होते. उमेदवाराची नक्कल रद्दी होत नसे, ती कामास येई. निवड झाल्यावर परीविक्षेचा काळ असे, पण तो पगारी असे. पारख आणि राबणूक या दोहोंत एवढे अंतर कायद्याआधी कारभारानेच घालून दिले.

तथापि जुनी सवय लवकर मरत नाही. स्वातंत्र्यानंतर सरकारी कचेऱ्यांतून बिनपगारी उमेदवार गेला, पण आशेवर राबणारा माणूस रोजंदारीच्या रूपाने उरला. याविषयीचा सर्वांत गाजलेला खटला कर्नाटकातलाच आहे. विक्रीकर खात्यात वर्षानुवर्षे रोजंदारीवर काम केलेल्यांनी कायम होण्यासाठी दाद मागितली, तेव्हा २००६ मध्ये उमादेवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निर्णय दिला, की नियमबाह्य वाटेने आलेल्यास केवळ दीर्घ सेवेमुळे कायम होण्याचा हक्क मिळत नाही. मात्र मंजूर जागांवर दहा वर्षे व त्याहून अधिक काम केलेल्यांचा एकवार विचार व्हावा. तत्त्व योग्य आहे, मागचे दार उघडे ठेवू नये. पण ज्याने दहा वर्षे आशेवर काढली त्यास 'तू मागच्या दाराने आलास' असे सांगताना ते दार कोणी किलकिले ठेवले होते, हा प्रश्न राहतोच.

खासगी क्षेत्रात तर उमेदवारी नव्या पोशाखात आली आहे. हॉटेलात तीन दिवस वाढून दाखवा, दुकानात आठवडाभर उभे राहा, मग बघू; संगणकाच्या धंद्यात एखादा भाग घरून लिहून आणा, जाहिरातीच्या धंद्यात एक मोहीम आखून द्या, असे सांगितले जाते. बंगळूर हे देशभरातून काम शोधत येणाऱ्या तरुणांचे शहर. खोलीचे भाडे पहिल्या तारखेस द्यावेच लागते, आणि बिनपगारी आठवडा म्हणजे काय हे त्या तरुणासच ठाऊक. 'जमले नाही' एवढे सांगून त्यास परत पाठविले, तर त्याने वाढलेली ताटे, विकलेला माल आणि आखलेली मोहीम कोणाच्या खाती जमा झाली?

कायदा काय म्हणतो? 'चाचणीच्या कामाचे वेतन द्या' असे सरळ वाक्य आमच्या कायद्यात नाही. पण त्याची दिशा संदिग्ध नाही. घटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगार निषिद्ध ठरविली. किमान वेतनापेक्षा कमी दराने काम करण्यास कामगारांची तयारी असली तरी मालकास कायदा चुकविता येत नाही, हे बिजय कॉटन मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पन्नाशीच्या दशकातच सांगितले. १९८२ मध्ये दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती व बहारुल इस्लाम यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले : किमान वेतनाहून कमी मोबदल्यात घेतलेले श्रम हे सक्तीचे श्रम होत, कारण सक्ती केवळ दंडुक्याची नसते, भुकेचीही असते. १९४६ च्या कायद्याखालील नमुना स्थायी आदेशांत परीविक्षाधीन माणूस हा तात्पुरता नेमलेला कामगारच मानला होता, आणि शिकाऊ म्हणजे शिक्षणकाळात भत्ता मिळणारा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने विद्यावेतन बंधनकारक केले. 'उमेदवार' हा शब्द येथे पैशाशी जोडला गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतनसंहितेतही नोकरीच्या अटी उघड असोत वा गर्भित, मोबदल्यासाठी काम करणारा तो कर्मचारी, असे धरले आहे. फट आहे ती एवढीच, की मालक म्हणतो, 'हा अजून माझा माणूसच नाही.' ही फट सिद्ध-असिद्धतेची आहे, न्यायाची नव्हे. नाव पटावर नाही, म्हणून श्रम हवेत विरत नाहीत.

परदेशांतही हा वाद मिटलेला नाही. बिनपगारी चाचणीकामास बंदी घालणारे विधेयक २०१८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात चर्चेतच वेळ संपून बारगळले. मात्र त्याच वर्षी सरकारने मार्गदर्शन केले, की एका दिवसाहून लांबलेल्या चाचणीस बहुतेक सर्व प्रसंगी किमान वेतन लागू व्हावे. चाचणी किती वेळ चालली, उमेदवारावर कोणी लक्ष ठेवून होते काय, आणि त्याच्या कामाचा मालकास परीक्षेपलीकडे उपयोग झाला काय, हे प्रश्न तेथे कसोटीचे मानतात. ऑस्ट्रेलियातही कौशल्य दाखविण्यास लागेल तेवढाच वेळ, तोही देखरेखीखाली, बिनपगारी चालतो.

यावर मालकांची अडचण ऐकून घेतली पाहिजे. कागदावरचा हुशार स्वयंपाकी चुलीपुढे गडबडतो. चुकीचा माणूस नेमला तर लहान धंदा बुडतो. हे खरे आहे. म्हणून चाचणी घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. एक भाजी करवून पाहावी, तासाभराचे गणित घालावे. ते परीक्षेचे तास होत. पण ती भाजी गिऱ्हाइकाच्या पानात वाढली आणि तिचे पैसे गल्ल्यात पडले, की परीक्षा संपली आणि नोकरी सुरू झाली. तेथून पुढे दिवस एक असो की सात, त्याचे दाम दिले पाहिजे, माणूस ठेवा अगर ठेवू नका. नापास झालेल्या कारकुनाचेही परीविक्षेतले पगार सरकार परत मागत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांस नियमित पगार मिळतो, आणि कित्येकांच्या सहीने माणसे कामास लागतात. ठेकेदाराने 'दोन आठवडे पाहतो' म्हणून आणलेला मुलगा आपल्याच कचेरीच्या दारात बसलेला असू शकतो. त्याचे नाव हजेरीपटावर आहे की नाही, एवढे विचारण्यास नवा कायदा लागत नाही. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी तो प्रश्न शिरस्तेदाराने विचारला असता, तर दक्षिणेतल्या दफ्तरांचा आणि कदाचित आपल्याही घराण्यांचा इतिहास निराळा झाला असता.