तळटीप १४ : ‘वाल द्युशेसची मसलत’

१४. वाल द्युशेस (‘डचेसचे खोरे’) हा ब्रुसेल्सच्या ओदर्गेम भागातील वाडा; पूर्वी येथे डोमिनिकन जोगिणींचा मठ होता, आणि १९५६ साली रोमच्या तहाच्या वाटाघाटीही याच वास्तूत चालल्या. युरोपीय आयोगाच्या अध्यक्षपदाची सूत्रे नुकतीच हाती घेतलेल्या झाक देलोर यांनी ३१ जानेवारी १९८५ रोजी कारखानदारांचे, सार्वजनिक उद्योगांचे व कामगार संघटनांचे युरोपव्यापी प्रतिनिधी येथे एकत्र बसविले. लेखकाने ‘मसलत’ हा शब्द योजिला आहे तो यथार्थ आहे. कारण त्या दिवशी बंधनकारक असा कोणताही करारनामा झाला नाही. उभयपक्षी ठरलेल्या कलमांना कायद्याचे स्वरूप देण्याची वाट मास्ट्रिख्टच्या तहाला जोडलेल्या सामाजिक करारपत्राने मोकळी केली, आणि तिचे पहिले फळ म्हणजे १९९५ चा पालकत्व-रजेचा करार. जुलै २००२ मधील दूरस्थ कामाच्या कराराची अंमलबजावणी मात्र कायद्यावर न सोपविता त्या त्या देशांतील संघटनांनीच करावयाची होती. घरी बसून काम करणे ऐच्छिक असावे, यंत्रसामग्री सामान्यतः मालकाने पुरवावी व तिची निगा राखावी, आणि तपासणीसाठी नोकराच्या घरी जावयाचे झाल्यास आगाऊ सूचना देऊन त्याची संमती घ्यावी, अशी त्यातील कलमे आहेत; शेवटचे कलम मला सर्वांत मार्मिक वाटते. पुढील परिच्छेदात ‘उंबरठ्याचा करार’ असा जो उल्लेख येतो, तो याचाच. — संपादक