जोडउपकरण, व्हिडिओ गेम कन्सोलचे : बाजारयश

जोडउपकरणाचे बाजारयश म्हणजे कन्सोल बाळगणाऱ्यांपैकी किती जणांनी ते उपकरण घेतले, याचे प्रमाण.

निन्टेन्डोने १९८४ मध्ये जपानात फॅमिकॉम या कन्सोलसाठी प्रकाश-बंदूक आणली. १९९० च्या दशकात कोल्हापूरसारख्या शहरांत मिळणाऱ्या नकली ‘टीव्ही गेम’च्या खोक्यात अशी बंदूक अनेकदा सोबतच येई, त्यामुळे तिची स्वतंत्र मागणी खपावरून कळत नसे (पहा : फॅमिकॉम).

मोजणीचे ठळक उदाहरण मायक्रोसॉफ्टचे किनेक्ट. शरीराच्या हालचाली टिपणारे हे उपकरण ४ नोव्हेंबर २०१० रोजी आले आणि पहिल्या ६० दिवसांत सुमारे ८० लाख नग गेले. नुसता आकडा मात्र अपुरा ठरतो : फेब्रुवारी २०१३ पर्यंत ७.६ कोटी एक्सबॉक्स ३६० कन्सोलमागे २.४ कोटी किनेक्ट, म्हणजे साधारण तिघांत एक. २०१३ च्या एक्सबॉक्स वनसोबत ते सक्तीने जोडले गेले, तेव्हा हे प्रमाणही निरर्थक झाले. जून २०१४ मध्ये किनेक्टविना कन्सोल ४९९ ऐवजी ३९९ डॉलरला मिळू लागला. २०१७ मध्ये उत्पादन थांबले.

खपाइतकेच महत्त्व जोडउपकरणासाठी निघणाऱ्या खेळांना आहे. ग्राहक थोडे असतील, तर निर्माते त्यावर खर्च करत नाहीत (पहा : खेळनिर्मिती).